'ए प्लस प्लस' म्हणजे नेमके काय?

बारावीचा निकाल लागला की पालक आपल्याकडे येतात. 'सर, बी. एस्सी.ला कुठे घालू?' आपण एखाद्या कॉलेजचे नाव सुचवतो आणि पालकच पुढे म्हणतात, 'चालेल, शिवाजी विद्यापीठ ए प्लस प्लस आहेच की!' ही श्रेणी विद्यापीठाला २०२१ साली मिळाली, हे खरे. मात्र मुलगा ज्या वर्गात बसणार त्या वर्गाविषयी ती जवळजवळ काहीच सांगत नाही. असे का, ते पाहू.

'नॅक' ही मूल्यांकन परिषद विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ साली स्थापन केली. १९६२ मध्ये सुरू झालेल्या शिवाजी विद्यापीठाला तिने २०२१ साली ४ पैकी ३.५२ गुण दिले. हे गुण म्हणजे सात निकषांची भारित सरासरी. विद्यापीठासाठी एकूण भार १००० होता. त्यात संशोधनाला २५०, अध्यापन व मूल्यमापनाला २००, अभ्यासक्रमाला १५० आणि उरलेल्या चार निकषांना प्रत्येकी १००. संलग्न महाविद्यालयाचे मूल्यांकन मात्र स्वतंत्र होते आणि तेथे अध्यापनाला ३५० भार असे. म्हणजे गडहिंग्लजच्या किंवा ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) कॉलेजातील मुलाच्या पदवीवर विद्यापीठाचे नाव असले, तरी विद्यापीठाची श्रेणी त्या कॉलेजची नव्हे.

आता थोडे गणित. ए प्लस प्लसची सीमा ३.५१ होती. समजा, अध्यापनाच्या निकषात ०.१ गुण कमी पडले असते, तर एकूण घट ०.१ × २०० ÷ १००० = ०.०२. गुण ३.५०, श्रेणी ए प्लस! प्रयोगशाळेत आपण मुलांना वाचनातील त्रुटी लिहायला लावतो; श्रेणीच्या फलकावर ती कोणी लिहीत नाही. शिवाय हा आकडा संस्थेचा. पदार्थविज्ञान उत्तम आणि शेजारचा विभाग यथातथा असला, तरी दोघांच्या दारावर पाटी एकच.

मग अभ्यासक्रमाची गुणवत्ता कशी राखायची? प्रत्येक विषयाची फलिते आधी लिहायची, उदा. 'विद्यार्थ्याला मोजमापातील त्रुटी काढता यावी.' मग प्रत्येक प्रश्न कोणते फलित तपासतो याची नोंद ठेवायची. समजा, ६० मुलांच्या वर्गाची सरासरी ६२ टक्के आली. सारे समाधानी! पण प्रश्नवार गुण मांडल्यावर दिसते की त्रुटीचा प्रश्न फक्त ११ जणांना आला. सरासरीने हे झाकले होते. आता कारण शोधायचे: तास कमी पडले, प्रात्यक्षिकात तयार उत्तरे उतरवली गेली, की प्रश्नच संदिग्ध होता? पहिल्या दोन गोष्टी शिक्षक स्वतः सुधारू शकतो, तिसरी परीक्षकाने बघायची. अभ्यासक्रमच बदलायचा असेल तर प्रस्ताव अभ्यासमंडळाकडून विद्यापरिषदेपर्यंत जातो. पुढच्या वर्षी तोच प्रश्न वेगळ्या आकड्यांनी विचारून पुन्हा मोजायचे. हे शेवटचे मोजमाप बहुधा राहून जाते. समिती येण्याआधी भिंतींना रंग आणि फायलींना नवी लेबले लागलेली आम्ही पाहिली आहेत. प्रश्नवार तक्ता क्वचितच दिसला.

नॅकने २०२४ च्या सुरुवातीला श्रेणीऐवजी 'अधिस्वीकृत' किंवा 'नाही' अशी पद्धत जाहीर केली. तीतूनही विषयवार चित्र मिळणार नाही. कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा वार्षिक अहवाल मात्र मागून वाचता येतो. पालकाबरोबर जाल तेव्हा तेथे एवढेच विचारा: गेल्या तीन वर्षांत या विषयाच्या शिकवण्यात काय बदलले, आणि कोणता आकडा पाहून?