श्वास आणि रोजगार : भाग ६ – बराखीतली काजळी

मागच्या आठवड्यात आपण मुंबईच्या ससून डॉकवर होतो. कोळंबी सोलताना, धुताना तिच्यातली प्रथिनं बारीक तुषारांबरोबर उडतात आणि सोलणारणीच्या छातीत जातात, हे पाहिलं. जुन्नर-आंबेगावात कोळंबी दिसते ती बहुतेक सुकट होऊन, आठवडे बाजारात. इथे हवेत उडतो तो कांदा.

मार्च-एप्रिलात काढलेला गावरान कांदा बराखीत, म्हणजे कांदाचाळीत, भरायचा, भाव बघून पावसाळ्यात, कधी दिवाळीच्या तोंडावर बाहेर काढायचा. मंचर, ओतूर, आळेफाट्याला गोणी जाण्याआधी निवडणी होते. ती बहुतेक बायकांच्या हातची. वरचा पापुद्रा अंगठ्यानं सारला की खाली कोळशाच्या भुकटीसारखे काळे पट्टे. अंगठा काळा, पदर काळा, नाक शिंकरलं तर तेही काळं. ही काजळी म्हणजे ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी. तिचा एकेक बीजाणू मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही लहान, म्हणून नाकात न अडकता थेट श्वासनलिकेत उतरू शकतो.

पहिल्या हंगामात बहुधा काही होत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. काहींचं शरीर बीजाणूंतल्या प्रथिनांना शत्रू ठरवून आयजीई प्रतिपिंडं तयार करतं. त्याला महिने लागतात, कधी वर्षं. मग आधी शिंका, डोळ्यांना खाज आणि नंतर छातीत घरघर. धाप पुष्कळदा कामावर नव्हे, रात्री अंथरुणावर लागते. त्यात निवडणीही पावसाळ्यातली, त्यामुळे खापर फुटतं ते पावसाळी हवेवर. खोकल्याचं औषध येतं, बराख तशीच राहते.

‘‘बराख फोडली की खोकला चालू होतो, माल संपला की जातो,’’ असं एखादी बाई सांगते तेव्हा निम्मं निदान तिनंच केलेलं असतं. इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्यानं १७०० साली लिहून ठेवलं की रोग्याला त्याचा धंदा विचारा. उरलेलं निम्मं निदान फुंकरीचा वेग मोजणारं पीक फ्लो मीटर करतं : दोन-तीन आठवडे दिवसातून चार वेळा फुंकायचं, कामाच्या दिवशी आणि खाड्याच्या दिवशीही, आणि आकडे वहीत मांडायचे. कामाच्या दिवशी आकडा घसरून सुट्टीत वर येत असेल, तर संशय कामावर घ्यायचा.

कामामुळे जडणारा दमा कायद्यानं नुकसानभरपाई मिळणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. पण हजेरीपटावर नावच नसलेल्या रोजंदार बाईनं ते सिद्ध कसं करायचं? मला तरी हा कायदा तिच्यासाठी कागदावरचाच वाटतो.

तोंडाला बांधलेली ओढणी धूळ अडवते, बीजाणू फारसे नाही. त्याला नीट घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. निवडणी बराखीच्या आत नको, उघड्यावर करा, आणि वारा कुशीकडून येईल असं बसा. दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा : मी कांदा निवडते.