दूध आटते तेव्हा

मराठी भाषेत आईच्या दुधाला मोठा मान आहे. ‘आईचे दूध प्यायला असशील तर समोर ये’ असे आव्हान दिले जाते. तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा आपण मुलांना सांगतो. एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी राखून ठेवलेल्या खोलीलाही ‘हिरकणी कक्ष’ असेच नाव आहे. १९९२ पासून दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट या काळात जागतिक स्तनपान सप्ताह पाळला जातो. आरोग्य केंद्रांत भित्तिपत्रके लागतात, शाळांतून घोषवाक्ये लिहून घेतली जातात. हे सारे योग्यच आहे, कारण अतिसार आणि न्यूमोनिया यांपासून तान्ह्या बाळाचे संरक्षण करण्यात आईच्या दुधाची बरोबरी दुसरे कोणतेही अन्न करू शकत नाही.

परंतु ज्या आईला मनापासून पाजायचे होते आणि जमले नाही, तिला ही घोषवाक्ये कशी ऐकू येत असतील? ‘हिला दूधच नाही’ हे वाक्य घरात उच्चारले जाते तेव्हा ते शरीराविषयीचे निरीक्षण राहत नाही, तो तिच्या मायेवरचा शेरा होतो. तीही तो तसाच स्वीकारते. या लेखात आपण दोन गोष्टी पाहणार आहोत. दूध येण्यामागचे शरीरशास्त्र काय आहे, आणि ते कळल्यावर आईच्या मनातील अपराधभावनेचे आणि दुःखाचे काय करावे.

गोठ्यातला धडा

शिरूर हे घोडनदीच्या काठचे गाव आणि दौंड भीमेच्या काठचे. दोन्ही तालुक्यांत ऊस आहे आणि घरोघरी दुभती जनावरे आहेत. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्यांना पुढील गोष्ट पुस्तकाआधी गोठ्यातच कळलेली असते. म्हशीची धार काढण्यापूर्वी पारडू क्षणभर लावतात, कास कोमट पाण्याने धुतात, पुढे आंबोण ठेवतात. मग म्हैस पान्हवते. अनोळखी माणूस आला, कुत्रे भुंकले किंवा कोणी काठी उगारली, तर तीच म्हैस ‘पान्हा चोरते’. कासेत दूध असते, पण ते खाली उतरत नाही.

१९४१ साली एली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी नेमका हाच प्रकार प्रयोगाने तपासला. धारेच्या वेळी त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले आणि जवळ कागदी पिशव्या फोडल्या. घाबरलेल्या गाईचे दूध उतरेना. भीतीच्या वेळी रक्तात येणारे ॲड्रिनलिन पान्ह्याच्या आड येते, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

स्त्रीच्या शरीरातही हीच यंत्रणा आहे. बाळ चोखू लागले की स्तनाग्रातील चेतातंतूंमार्फत मेंदूकडे संदेश जातो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात येतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते. ऑक्सिटोसिनमुळे दुग्धपेशींभोवतीचे बारीक स्नायू आकुंचन पावतात आणि तयार दूध नलिकांतून बाहेर ढकलले जाते. यालाच आपण पान्हा म्हणतो. म्हणजे दूध तयार होणे आणि दूध उतरणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. या दोन्हींवर इच्छेचा थेट ताबा नाही. हात उचलावा तसा पान्हा आणता येत नाही.

१९४८ साली नाइल्स न्यूटन आणि त्यांचे डॉक्टर पती मायकेल न्यूटन यांनी यासंबंधी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात पाजणारी आई स्वतः नाइल्सच होत्या आणि त्यांचे बाळ सात महिन्यांचे होते. शांतपणे पाजले तेव्हा बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळाले. पाय बर्फाच्या पाण्यात ठेवणे, पायाचा अंगठा ओढणे, झटपट गणिते विचारणे असा त्रास दिला तेव्हा ते ९९ ग्रॅमवर आले. तसाच त्रास चालू ठेवून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले, तेव्हा ते पुन्हा १५३ ग्रॅम झाले. दूध आत होतेच, फक्त उतरत नव्हते. हा प्रयोग एकाच आईवरचा होता. पुढे १९९४ साली जपानी संशोधकांनी अनेक मातांचे रक्त तपासले. मानसिक ताणाखाली ऑक्सिटोसिनचे झोत कमी होतात, प्रोलॅक्टिनवर मात्र तसा परिणाम दिसत नाही, असे त्यांना आढळले.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. ‘तूच काळजी करतेस म्हणून दूध येत नाही’ असे आईला सांगणे म्हणजे जुन्या दोषाच्या जागी नवा दोष ठेवणे होय. ताण ती एकटी निर्माण करत नाही. चारचौघांत ‘आले का दूध?’ असे दर तासाला विचारणारे घर हे त्या प्रयोगातील बर्फाच्या पाण्याइतकेच परिणामकारक असते. बदलायचे असेल तर आधी ते घर बदलले पाहिजे.

साखळी कोठे तुटते?

दूध कमी असल्याची प्रत्येक तक्रार खरी नसते. वार पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉनची पातळी घसरते आणि साधारण दोन-तीन दिवसांनी भरपूर दूध येऊ लागते. तोपर्यंत येणारा थोडासा घट्ट, पिवळसर चीक नवजात बाळाच्या लहानशा जठराला पुरतो. सिझेरियननंतर किंवा आईला मधुमेह असल्यास हा काळ लांबू शकतो. त्याच दिवसांत घाबरून वरचे दूध सुरू केले, तर बाळ कमी चोखते, आणि कमी चोखल्याने दूध कमी तयार होते. बाळ रडते म्हणजे ते उपाशीच आहे असेही नाही. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी आणि दोन आठवड्यांच्या सुमारास जन्माइतके वजन भरून येणे, या खुणा रडण्यापेक्षा अधिक विश्वासार्ह आहेत. स्तनांच्या आकाराचा आणि दुधाच्या प्रमाणाचा तर काहीच संबंध नाही.

पण काही वेळा दूध खरोखरच पुरत नाही. काही स्त्रियांमध्ये दुग्धग्रंथींची वाढच अपुरी झालेली असते. थायरॉइडचे विकार, स्तनावरील पूर्वीची शस्त्रक्रिया, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा ही आणखी काही कारणे आहेत. १९३७ साली शीहान या ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञाने वर्णिलेल्या विकारात, बाळंतपणात फार रक्तस्राव झाल्याने पीयूषिका ग्रंथीलाच इजा होते. अशा स्त्रीला दूध न येणे ही बहुधा त्या आजाराची पहिली खूण असते. तिला दोष नव्हे, तपासणी हवी असते. कधी अडचण बाळाकडे असते: दिवस पुरे होण्याआधीचा जन्म, दुभंगलेली टाळू, काविळीमुळे आलेली सुस्ती. कधी आईला घ्यावी लागणारी औषधेच, उदाहरणार्थ कर्करोगावरची, पाजण्याच्या आड येतात.

आणि कधी साखळी शरीराबाहेर तुटते. ऊसतोडीला आलेले नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पहाटे फडात जाणाऱ्या बाईचे तान्हे कोपीवर मोठ्या बहिणीजवळ राहते. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणाऱ्या बाईची पाळी बाळाच्या भुकेच्या वेळा पाहून ठरत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली; पण फडातल्या बाईपर्यंत ती पोहोचत नाही. दूध नियमित काढले गेले नाही तर ते आटते, हा शरीराचा नियम आहे. तिच्या मायेची मोजणी त्यावरून होऊ शकत नाही.

अपराध वेगळा, दुःख वेगळे

अशा आईच्या मनात दोन भावना एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्या तर मदत करणे सोपे जाते. ‘माझे चुकले’ ही अपराधभावना. ‘माझे काहीतरी गेले’ हे दुःख. अपराधभावनेवर माहितीचा उपाय आहे. साखळी कोठे तुटली हे कळले की चूक नव्हती हेही कळते. दुःखावर माहितीचा उपाय चालत नाही. तिने गरोदरपणात मनाशी रंगवलेली, बाळाला छातीशी धरून पाजण्याची गोष्ट घडली नाही, ही हानी खरीच आहे. ‘जाऊ दे, बाळ तर धडधाकट आहे ना’ असे म्हटल्याने ती भरून येत नाही. उलट, रडण्याचा हक्कही आपल्याला नाही, असे तिला वाटू लागते. दुःखाला सोबत लागते: तिचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकणारे एखादे माणूस.

हे केवळ भावुक बोलणे नाही. इंग्लंडमधील एव्हन परगण्यातील सुमारे १४ हजार मातांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना पाजायचे होते आणि ज्यांनी पाजले, त्यांच्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा धोका सर्वांत कमी होता. ज्यांना पाजायचे होते पण जमले नाही, त्यांच्यात तो सर्वांत जास्त होता. आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्याच्याशी संबंध दिसला. म्हणजे दुधावरून टोमणे खाणारी आई अनेकदा आधीच वाकलेली असते.

म्हणून काही खुणा लक्षात ठेवाव्यात. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी उदासी, बाळ झोपले तरी झोप न येणे, बाळाबद्दल काहीच न वाटणे, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार. या दिसल्यास वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे.

धाराऊ आणि दूधपेढी

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. महाराजांचा जन्म १६५७ साली पुरंदरावर झाला. सईबाई राणीसाहेबांची प्रकृती ठीक नव्हती, त्यांना बाळाला पाजता येईना, तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी बाळराजांना दूध पाजले, असा इतिहास आपण वाचतो. सईबाई १६५९ साली निवर्तल्या. त्या आई म्हणून उण्या होत्या असे कोणी म्हणत नाही, आणि महाराजांच्या शौर्यात काही कमी राहिले असे तर कोणाच्या मनातही येणार नाही. ‘आईचे दूध प्यायला असशील तर’ या आव्हानाला याहून चांगले उत्तर नाही.

याच वढूत पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांच्यामार्फत आरोग्याची माहिती घरोघरी न्यावी, हा त्या कामाचा एक धागा होता. धाराऊंच्या परंपरेला आजचे रूपही आहे. १९८९ साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी दूधपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली मानली जाते. पुण्यात ससून रुग्णालयातही अशी पेढी आहे. तेथे मातांनी दान केलेले दूध तपासून, निर्जंतुक करून प्रामुख्याने कमी दिवसांच्या आणि आजारी बाळांना देतात.

जिथे हे मिळत नाही, तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरीचे दूध द्यावे लागते. ते डब्यावर दिलेल्या प्रमाणातच, उकळून घेतलेल्या पाण्यात करावे. पुरवून वापरण्यासाठी पातळ करू नये, त्याने बाळ कुपोषित होते. बाटलीपेक्षा स्वच्छ वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले बरे. थोडे जरी अंगावरचे दूध येत असेल तरी ते सोडू नये. ‘सगळे किंवा काहीच नाही’ असा हा प्रश्न नाही. १९९२ च्या कायद्यानुसार पावडरीच्या प्रत्येक डब्यावर आईचे दूधच सर्वोत्तम असल्याची सूचना छापलेली असते. कंपन्यांच्या जाहिरातबाजीला आवर घालण्यासाठी हा कायदा आवश्यकच होता. मात्र डबा उघडणारी आई ती सूचना रोज वाचते, हे आपण विसरू नये.

वर्गात काय करता येईल?

संप्रेरकांचा पाठ शिकवताना फळ्यावर साखळी काढावी: चोखणे, चेतातंतू, मेंदू, पीयूषिका, रक्त, स्नायू, दूध. ज्यांच्या घरी दुभते जनावर आहे त्या विद्यार्थ्यांना धारेच्या वेळचे आपले निरीक्षण सांगू द्यावे. मग विचारावे, ‘ही साखळी कोठे कोठे तुटू शकेल?’ मुले ग्रंथींपासून घरातल्या भांडणापर्यंत अनेक जागा शोधतात. त्या यादीत ‘आईची माया कमी’ ही जागा बसवून पाहायला सांगावे. ती कोठेच बसत नाही, हे त्यांचे त्यांनाच दिसेल.

भाषाही तपासून घ्यावी. ‘चांगली आई बाळाला अंगावरच पाजते’ या घोषवाक्याऐवजी ‘पाजणाऱ्या आईला विश्रांती, जेवण आणि निवांतपणा द्या’ असे लिहून घेता येईल. पहिले वाक्य आईची परीक्षा घेते, दुसरे घराला काम सांगते. वर्गात वरच्या दुधावर वाढलेली मुलेही बसलेली असतात. एखादीची वहिनी नुकतीच बाळंतीण झालेली असते. शिक्षककक्षात एखादी सहकारी रजा संपवून परतलेली असते. तिने स्वतःहून विषय काढला तर सल्ला देण्याची घाई करू नये. ‘तुम्ही खूप प्रयत्न केलेत, आणि वाईट वाटणे साहजिक आहे’ एवढे म्हणून तिला बोलू द्यावे. यातील पहिला भाग तिची अपराधभावना हलकी करतो, दुसरा तिच्या दुःखाला जागा देतो. दोन्ही भाग लागतात.