गिटार ॲम्प्लिफायरचा बायस : मिलिअँपिअरचा हिशेब

मागच्या वेळी आपण प्रीॲम्पपाशी थांबलो होतो. आज त्याच्या पुढचा भाग, म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह आणि त्यांचा बायस. गिटारवाले ‘ट्यूब’ म्हणतात, आपल्याकडचे रेडिओ दुरुस्त करणारे ‘व्हॉल्व्ह’ म्हणायचे, वस्तू एकच. मी सवयीने व्हॉल्व्हच म्हणेन.

उदाहरणाला मार्शलचा जुना ५० वॉटचा ॲम्प घेऊ, दोन ईएल३४ वाला. व्हॉल्व्हच्या आत कॅथोड तापतो, इलेक्ट्रॉन सोडतो आणि ते साडेचारशेच्या आसपास व्होल्ट असलेल्या प्लेटकडे धावतात. वाटेत ग्रिड नावाची जाळी असते. तिला कॅथोडच्या मानाने ऋण व्होल्टेज द्यायचं, इथे उणे ४० च्या जवळपास. हे ऋण जितकं जास्त, तितका प्रवाह कमी. तारा गप्प असताना किती प्रवाह वाहू द्यायचा हे ठरवणं, म्हणजे बायस लावणं.

आता तुम्ही म्हणाल, गिटार वाजतच नाहीये तर प्रवाह हवाच कशाला? जात्यावर दोघी समोरासमोर बसून दळतात तसे हे दोन व्हॉल्व्ह काम करतात. अर्धा फेरा हिचा, अर्धा तिचा. एकीने खुंटा सोडला आणि दुसरीचा हात अजून पोचलाच नाही, तर जातं तिथे अडखळणार. म्हणून थोडा वेळ दोघींचा हात खुंट्यावर असावा लागतो. ॲम्पमध्ये हे अडखळणं हळू वाजवलेल्या सुरात ऐकू येतं : आवाज कोरडा, विरत जाणारा सूर शेवटाला खरखरीत. याला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. बायस फार ‘थंड’ ठेवल्याचं हे लक्षण. उलट फार ‘गरम’ ठेवला तर प्लेट लाल होते, व्हॉल्व्ह लवकर संपतो आणि वेळ वाईट असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही सोबत जातो.

या पद्धतीला ‘फिक्स्ड बायस’ म्हणतात, आणि गंमत म्हणजे हाच बदलता येतो! (हशा) फिक्स्ड म्हणजे ऋण व्होल्टेज वेगळ्या पुरवठ्यातून ठरावीक मिळतं, एवढंच. व्हॉक्स एसी३० सारख्या ॲम्पमध्ये कॅथोडला रेझिस्टर असतो आणि व्हॉल्व्ह स्वतःच स्वतःला सावरतो. तिथे फिरवायला काही नसतं, ते बाजूला ठेवू.

हात लावण्याआधी एक गोष्ट, आणि ही मी दरवर्षी सांगतो. प्लग काढला म्हणजे ॲम्प मेला असं नाही. फिल्टर कॅपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट तसेच बसलेले असू शकतात, आणि तेवढे जीव घ्यायला पुरेसे आहेत. चांगलं इन्सुलेशन असलेल्या वायरवर दहा किलोओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर लावून ते चॅसीवर उतरवायचे आणि मीटरने खात्री करायची. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणं ही मर्दुमकी नव्हे. मीटरच्या क्लिपा बंद ॲम्पमध्येच लावायच्या, मग चालू करून नुसतं बघायचं. स्पीकर जोडलेला हवाच. ज्यांना हे नवीन आहे त्यांनी पहिल्यांदा जाणकाराच्या शेजारी बसून करावं.

मोजायचं कसं? प्रत्येक व्हॉल्व्हचा कॅथोड आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक ओहमचा रेझिस्टर टाकायचा. मग त्यावरचा एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. ईएल३४ मध्ये कॅथोड आठ नंबरच्या पिनवर असतो. पिन एकही त्यालाच जोडून घेतात.

समजा प्लेटवर ४५० व्होल्ट आणि प्रवाह २५ मिलिअँपिअर. गुणाकार : सव्वाअकरा वॉट. ईएल३४ ची मर्यादा २५ वॉट, म्हणजे ४५ टक्के. थंडच आहे. आता पॉट हळूहळू फिरवून प्रवाह ३८ वर आणला. पण इथे पुष्कळांची चूक होते : ते जुन्याच ४५० ने गुणतात. प्रवाह वाढला की प्लेटचं व्होल्टेज पडतं, म्हणून पुन्हा मोजा. ते ४४० झालं असेल, तर पावणेसतरा वॉटच्या जवळ, ६७ टक्के. शिवाय कॅथोडच्या प्रवाहात स्क्रीन ग्रिडचे चार-पाच मिलिअँपिअर धरलेले असतात, म्हणजे प्लेटवर प्रत्यक्षात साठ टक्केच. सत्तर टक्क्यांचा जो नियम सगळीकडे सांगतात तो माझ्या मते छत आहे, मुक्काम नव्हे. साठला आवाज आवडला तर तिथेच थांबा.

एकदा एका मित्राच्या ॲम्पमध्ये मी आळस केला. दोन्ही कॅथोड एकाच रेझिस्टरवर घेतले. ७६ आले, म्हणजे प्रत्येकी ३८, छान. अर्ध्या तासाने एक प्लेट लाल! वेगवेगळं मोजलं तर एक ६५ ओढत होता, दुसरा ११. व्हॉल्व्हांची अदलाबदल केली तरी दोष त्याच सॉकेटवर राहिला, तेव्हा कळलं की व्हॉल्व्ह निर्दोष आहेत. कपलिंग कॅपॅसिटर गळत होता आणि मागचं धन व्होल्टेज ग्रिडवर झिरपत होतं. सरासरीने मला व्यवस्थित फसवलं.

एका श्रोत्याचा प्रश्न आला आहे : ‘मॅच्ड पेअर’ घेतली तरी बायस लावावा लागतो का? हो. ते दोघे एकमेकांशी जुळतात, तुमच्या ॲम्पशी नाही. नवी जोडी लावण्याआधी ग्रिडच्या पिनवर ऋण व्होल्टेज येतंय ना ते पाहा, पॉट सगळ्यात थंड टोकाला न्या, आणि तिथून वर या.

दुसरा प्रश्न, घरातलं व्होल्टेज वर-खाली होतं त्याचं काय? ते वाढलं की प्लेटचं वाढतं आणि ऋण बायसही वाढतो, त्यामुळे थोडं आपोआप सावरतं, पण पूर्ण नाही. म्हणून बायस लावताना भिंतीतल्या सॉकेटचं व्होल्टेजही मोजा, आणि तारीख, ते व्होल्टेज, प्लेटचं व्होल्टेज, दोन्ही प्रवाह असं एका चिठ्ठीवर लिहून चॅसीच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी ॲम्प उघडणाऱ्याचे दोन तास वाचतील, आणि बहुतेक वेळा तो उघडणारा तुम्हीच असता.