मेश जाळ्यातली चॅनेलवाटणी

वायरलेस मेश जाळ्यातला प्रत्येक राउटर दोन कामे करतो. तो आपल्या गावाला इंटरनेट देतो आणि पुढच्या गावाची माहितीही वाहून नेतो. त्यामुळे केबल एकाच ठिकाणी पोचली असली, तरी आसपासची गावे रेडिओलहरींनी जोडता येतात. मात्र हे जाळे किती वेगाने चालेल, हे कोणत्या दुव्याला कोणते चॅनेल दिले आहे यावर बरेचसे अवलंबून असते.

वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवान्याविना वापरता येतो. त्यात १३ चॅनेल आहेत. शेजारच्या दोन चॅनेलांत अंतर ५ मेगाहर्ट्झचे, पण एकेका चॅनेलची रुंदी सुमारे २० मेगाहर्ट्झ. म्हणून एकमेकांवर न चढणारी चॅनेल प्रत्यक्षात तीनच धरतात: १, ६ आणि ११. एकाच चॅनेलवरची यंत्रे एकमेकांचा कानोसा घेऊन थांबतात तरी. १ आणि ३ सारखी अर्धवट चढणारी चॅनेल एकमेकांना निव्वळ गोंगाटासारखी ऐकू येतात.

सगळे जाळे एकाच चॅनेलवर ठेवले, तर मधल्या राउटरला आधी ऐकावे लागते आणि मग बोलावे लागते. दोन टप्प्यांतच वेग निम्म्यावर येतो. उलट प्रत्येक राउटरला वेगळे चॅनेल दिले, तर शेजाऱ्यांशी बोलणेच बंद पडते. शिवाय एका राउटरवर रेडिओ मोजकेच बसतात. मोठ्या जाळ्यात यातून सर्वोत्तम वाटणी शोधणे संगणकालाही जड जाते.

लांब पल्ल्याच्या ग्रामीण जाळ्यांसाठी भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये एक पद्धत मांडली. हे दोघे पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. त्यांच्या पद्धतीत एका ठिकाणचे, एका चॅनेलवरचे सगळे अँटेना एकाच वेळी बोलतात किंवा एकाच वेळी ऐकतात. शेजारच्या ठिकाणची पाळी नेमकी उलटी असते.

परभणी जिल्ह्याच्या नकाशावर हे ताडून पाहता येते. समजा, परभणीहून मानवतला आणि मानवतहून पाथरी व सेलूला उंच टॉवरवरून दुवे नेले, तर एक चॅनेल पुरते. मानवत ऐकते तेव्हा तिन्ही गावे बोलतात. मग पाळी उलटते. पर्यायी वाट हवी म्हणून पाथरी-सेलू असा थेट दुवा जोडला, की त्रिकोण तयार होतो आणि अडचण येते. पाथरी आणि सेलू नेहमी एकत्र बोलतात व एकत्र ऐकतात, त्यामुळे त्यांच्यातला दुवा मुका राहतो. तेवढ्या दुव्याला ६ क्रमांकाचे चॅनेल द्यावे आणि बाकीचे १ वर ठेवावेत, म्हणजे सगळे सुरळीत चालते. विषम संख्येचे कडे तयार झाले की दुसरे चॅनेल लागते, हा यामागचा नियम.

चॅनेल वाढले की वाटणी सोपी होते. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघरच्या गावांत दूरदर्शनसाठीच्या पट्ट्यातली रिकामी जागा वापरून पाहिली. या कमी वारंवारतेच्या लहरी झाडीतूनही बऱ्यापैकी पार जातात. लांबच्या दुव्यांना असा पट्टा आणि गावातल्या मोबाइलना वायफाय, अशी विभागणी केली तर दोन्ही कामे एकमेकांच्या आड येत नाहीत.

वाटणी करताना सुरुवात मुख्य केबलजवळच्या दुव्यांपासून करावी, कारण साऱ्या गावांची माहिती तिथूनच जाते. तिथे स्वच्छ चॅनेल मिळाले, तरच शेवटच्या गावापर्यंत वेग टिकतो.