अकलोलीची टाकी

भाचीने जपानहून एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात किमोनोतली एक बाई गुडघ्यांवर बसून दार सरकवते, वाकून चहाचा पेला ठेवते आणि तशीच गुडघ्यांवर मागे सरकत दार लावून घेते. हाकोनेच्या गरम झऱ्यावरचं जुन्या पद्धतीचं उतारूघर होतं ते. एका रात्रीचे माणशी साठ हजार येन, दोन वेळचं जेवण धरून. खाली भाचीने लिहिलं होतं, ‘आत्या, पाण्यात बसले आणि आपला बंब आठवला. आपल्याकडे असं काही आहे का गं?’

बंब म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या मागल्या अंगणातला तांब्याचा बंब. तिथली जानेवारीतली थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना तो का आठवावा हे सांगावं लागणार नाही. पहिलं घंगाळ आजोबांचं, मग वडील-काका, मग आम्ही मुलं. आजीची पाळी यायची तेव्हा निखारे विझलेले असायचे.

असं काही ग्वाल्हेरात नाही. किल्ला आहे, जयविलास आहे, त्याच्या शेजारी शिंद्यांचा उषाकिरण पॅलेस आहे, जिथे आता ताजचं हॉटेल चालतं. थाट हवा तेवढा मिळेल, पण जमिनीतून आपोआप वर येणारं कढत पाणी नाही. त्यासाठी पंजाब मेलने कल्याण गाठायचं, मग भिवंडी, अंबाडी, वज्रेश्वरी. माझे गुडघेही कुरकुरत होतेच. मी निघाले.

वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांच्या नवसाचं. वसईचा किल्ला पडला तर तुझं देऊळ बांधीन, असं ते देवीला बोलले. 1739च्या मे महिन्यात वसई पडली आणि डोंगरावर देऊळ उभं राहिलं. त्या मोहिमेत राणोजी शिंदेही होते, हे पायऱ्या चढताना आठवलं आणि ग्वाल्हेरची म्हणून जरा बरं वाटलं. तिथून अकलोली जवळ आणि तसंच पुढे गणेशपुरी, नित्यानंद महाराजांचं. सगळीकडे तानसा नदीच्या काठाने गरम पाण्याची कुंडं.

हे पाणी एकट्या तानसेचं नाही. पालघरातल्या कोकनेरपासून राजापुरापर्यंत सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात असे साठेक झरे आहेत. सातिवली, सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी ही त्यांतली काही गावं. इथे ज्वालामुखी धगधगत नाही. पावसाचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. उन्हवऱ्याचं सत्तर अंशांच्या घरात जातं, अकलोलीचं पन्नासच्या आसपास. जपानने 1948 साली गरम झऱ्यांचा कायदा केला. त्यात पाणी उगमापाशी 25 अंश भरलं तरी पुरे होतं. त्या हिशेबाने आपण श्रीमंत आहोत.

अकलोलीत लॉजवाल्याने विचारलं, "टाकीची खोली की साधी?" अर्ध्या तासाच्या हिशेबाने नुसती टाकीही मिळते. मी टाकीची खोली घेतली. खोली लॉजसारखीच, म्हणजे ट्यूबलाइट, प्लॅस्टिकची खुर्ची आणि देवीचं कॅलेंडर. आतल्या दाराआड चार पायऱ्या उतरून टाइल्स लावलेली, छातीइतकी खोल टाकी. दार उघडताच वास आला. थोडा गंधकाचा, थोडा ओल्या चुन्याचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी, ओळखीचा. पण त्या वेळी लक्षात येईना.

टाकीत एक बाई उभी होती. साडीचा काचा मारलेला, हातात काथ्या. "थांबा ताई, अजून व्हायचंय," ती म्हणाली.

मी पायरीवरच बसले. तळाचं बूच काढून तिने पाणी सोडलेलं होतं. काथ्याने एकेक टाइल, मग सांध्यासांध्यातला खार. या पाण्यात मीठ भरपूर, त्यामुळे नळाच्या तोंडाशी, पाण्याच्या रेघेवर पांढरा थर धरतो. तो ती नारळाच्या करवंटीने खरवडत होती. लोखंडी पट्टीने टाइल चरते, म्हणाली, आणि शेठ ओरडतो. मग ब्लीचिंग पावडर, दोन बादल्या पाणी, चिंधी गुंडाळून बूच पुन्हा ठोकलं आणि गरम पाण्याचा कॉक उघडला. टाकी भरली तशी थंड पाण्याची नळी सोडून कोपर बुडवून पाहिलं. थर्मामीटर नाही. तान्ह्या बाळाचं पाणी बघतात तसं कोपर.

"दिवसातून किती वेळा करता हे?"

"आज काय नाय. रविवारला सोळा येळा."

सोळा वेळा. एक माणूस बाहेर पडला की पाणी सोडायचं, घासायचं, भरायचं. मी सकाळी मनातल्या मनात हिशेब केला, रात्री पुन्हा केला. एका टाकीला वीस मिनिटं धरली तरी सोळा वेळा म्हणजे पाच तास वीस मिनिटं नुसतं वाकणं, तेही वाफेत. तिच्या तळहातांची साल निघालेली होती. "खाऱ्या पाण्याने होतंय," ती म्हणाली, जशी आपण मुंबईत घाम येतो म्हणतो तशी.

तिने जाताना एवढंच बजावलं की पंधरा मिनिटांवर बसू नका, चक्कर आली तर दार आतून लावलेलं नको.

पाण्याचं सुख काय सांगावं. गुडघे पहिल्यांदा चटचटले आणि मग जणू माझे राहिलेच नाहीत. वरच्या झरोक्यातून उजेडाचा पट्टा वाफेत तिरका पडला होता. हाकोनेच्या खिडकीतून डोंगर दिसतो, इथे शेजारच्या लॉजची सिंटेक्सची टाकी दिसत होती. अंगाला पाणी लागल्यावर हा फरक उरत नाही, हे मी शपथेवर सांगते.

पंधरा मिनिटांनी बाहेर आले, मावशी काथ्या घेऊन दाराशी हजर. पाण्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. मीही पाहिलं. वर तवंग होता, इंद्रधनुषी, टाकीभर पसरलेला.

मी सकाळी गुडघ्यांना नारायण तेल चोळून आले होते. तो ओळखीचा वास तेलाचाच होता. माझ्या आधीच्याही पाहुण्यांचा, टाइल्सच्या सांध्यांत मुरलेला. सांधेदुखीची माणसं इथे येतात, तेल चोळून येतात, तेलासकट उतरतात.

"खार निघतोय ओ ताई," मावशी म्हणाली. "त्याल न्हाय निघत. राख लावावी लागते."

रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. मी काथ्या मागितला, तिने दिला नाही. पाहुण्याने टाकी घासायची म्हणजे शेठने तिला काय म्हटलं असतं, हे नंतर सुचलं.

रात्री भाचीला फोन केला आणि तिकडचं सगळं पुन्हा विचारलं. तिने जे सांगितलं त्यात गुडघ्यांवर बसणारी बाई शेवटी आली. आधी आलं ते असं: चपला दाराबाहेर. सुती किमोनो डावी बाजू वर घेऊन नेसायचा, उजवी वर घेतात ती प्रेताची. आणि पाण्याजवळ गेलं की आधी बुटक्या लाकडी स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची, डोकंसुद्धा. मगच गरम पाण्यात. हातातला छोटा पंचाही पाण्याला लागू द्यायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. राजाराणी असली तरी आधी स्टुलावर. त्यामुळे एकाच पाण्यात दिवसभर माणसं उतरतात आणि पाणी नितळ राहतं.

म्हणजे साठ हजार येनांत चहा, मासे, गादी घालून देणं हे सगळं धरलेलं असेल, पण त्या पाण्याची अर्धी राखण पाहुणाच करतो, फुकट. आपल्याकडे ती सगळी मावशीच्या कमरेवर. आपण पैसे मोजले म्हणजे मळासकट उतरायचा हक्क मिळाला असं धरून चालतो. आणि गंमत म्हणजे हे आपल्याला शिकवायला जपान नको होतं. माझी आजी पाय धुतल्याशिवाय कुणाला बंबापाशी येऊ देत नसे. घराबाहेर पडलं की मात्र आजी विसरते.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी मुद्दाम थांबले. पहाटे साडेचारला खाली गेले तर मावशी उघड्या कुंडावर अंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून परत येत होती. गावातल्या बायकांची हीच वेळ, पाहुणे यायच्या आत. सहाला मुंबईच्या पहिल्या गाड्या लागल्या. दुपारी चहा देताना मी विचारलं, किती झाल्या? "नऊ," ती म्हणाली, आणि बोटांनी उरलेल्या सात दाखवल्या. तिचा पगार मी विचारला होता, तिने सांगितलाही. इथे लिहीत नाही. तिचा शेठ ओळखेल.

निघताना लॉजवाल्याला म्हटलं, प्रत्येक टाकीबाहेर एक स्टूल, एक नळ, एक साबण ठेवा. तो हसून म्हणाला, "पब्लिक ऐकत नाही, मॅडम." खरं असेल. माझ्यासारखी शिकलेली बाई तेल लावून उतरली होती.

तेव्हा अकलोली-गणेशपुरीला जाल तर एवढं करा. तेल लावायचंच तर बाहेर आल्यावर लावा. टाकीत उतरण्याआधी खोलीतल्या बादलीने साबण लावून अंघोळ करा. आणि शक्य असेल तर रविवारी जाऊ नका.