शाळा घरीच भरते तेव्हा

गेल्या वर्षी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात, फराळाच्या रांगेत, एका ताईंनी माझ्या नातवाला विचारले, "बाळा, कुठल्या शाळेत जातोस?" त्याने शांतपणे सांगितले, "मी शाळेत जात नाही. आईजवळ शिकतो. आणि थोडं आजीजवळ." ताईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडे वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सगळं ठीक आहे ना?"

वाचकहो, त्या प्रश्नाचा मला राग आला नाही. दोन वर्षांपूर्वी लेकीने हा निर्णय मला सांगितला, तेव्हा मीही याच आवाजात हेच विचारले होते. रांगेत नीट उत्तर देता आले नाही, मागे माणसे खोळंबली होती. ते उत्तर आज इथे देते.

आधी माझी बाजू सांगते. पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी ३६ वर्षे गणित शिकवले. मला शिकवण्यासाठी माझ्या वडिलांनी कर्ज काढले होते. शाळा हा शब्द आमच्या घरात जपून उच्चारला जाई. निवृत्तीनंतर, यजमान गेल्यावर, मी पेनसिल्व्हेनियात लेकीकडे राहायला आले. अशा बाईला कोणी सांगितले, की "नातवाचं नाव शाळेतून काढतोय", तर तिला काय वाटेल? मी दोन दिवस जावयांशी धड बोलले नाही.

कारण साधे होते आणि अवघडही. पहिलीत गेल्यापासून रोज सकाळी त्याचे पोट दुखू लागले. डॉक्टरांनी तपासले, काही निघाले नाही. शनिवार-रविवारी पोट दुखत नसे. घरी अखंड बडबडणारा मुलगा वर्गात एक शब्द बोलेनासा झाला. त्याच्या शिक्षिका प्रेमळ होत्या, त्यांनी खूप प्रयत्न केले. मी यात कुणाला दोष देत नाही. पण थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात तो जेवेनासा झाला आणि लेक-जावयांनी ठरवले, की निदान हे वर्ष तरी घरीच शिकवायचे.

माझा पहिला प्रश्न होता, "हे कायद्यात बसतं का?" बसते. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर आहे. जर्मनीत मात्र त्याला परवानगी नाही. इथे राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत. आमच्या पेनसिल्व्हेनियातले नियम कडक मानले जातात. घरी शिकवण्याचा कायदा इथे १९८८ साली झाला. शिकवणाऱ्या पालकाचे किमान हायस्कूल पूर्ण झालेले लागते. स्थानिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यासोबत वर्षात काय शिकवणार याची रूपरेषा आणि लसीकरणाचे पुरावे. वर्षाचे १८० दिवस, किंवा प्राथमिक वर्गांसाठी ९०० तास शिकवायचे, त्याची नोंदवही ठेवायची, मुलाच्या कामाचे नमुने जपायचे. वर्षाअखेरीस बाहेरचा पात्र परीक्षक ते सारे पाहतो, मुलाशी बोलतो आणि दाखला देतो. तिसरी, पाचवी आणि आठवीत प्रमाणित परीक्षाही असते, आणि ती आईवडिलांनी घेतलेली चालत नाही.

डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलात, तर यातले काहीच लागत नाही. तिथल्या कायद्यात शाळेबाहेर 'समतुल्य शिक्षण' दिले तरी चालेल असे म्हटले आहे. १९६७ साली मॉरिस काउंटीच्या न्यायालयाने एका खटल्यात त्याचा अर्थ लावला, की समतुल्य म्हणजे अभ्यासात समतुल्य. शाळेत मिळतो तसा समवयस्कांचा सहवास घरी मिळालाच पाहिजे असे नाही. न्यूयॉर्कमध्ये पुन्हा वार्षिक आराखडा आणि दर तिमाहीला अहवाल. म्हणून यातल्या कुणी असा विचार करत असाल, तर मैत्रिणीने सांगितलेल्या नियमांवर विसंबू नका. आपल्या राज्याचा कायदा स्वतः वाचा.

आमच्याकडे विषयांची यादी लांबलचक आहे. वाचन-लेखन, अंकगणित, विज्ञान, भूगोल, अमेरिकेचा आणि पेनसिल्व्हेनियाचा इतिहास, नागरिकशास्त्र, आरोग्य, व्यायाम, संगीत, चित्रकला. आणि एक विषय वाचून मी चष्मा पुसला होता. आगीचे धोके आणि त्यापासून बचाव, आणि तोही 'नियमितपणे व सातत्याने'! गेल्या दिवाळीत आम्ही पणत्या लावल्या तेव्हा नातवाने सुती कपडे घातले, पाण्याची बादली जवळ ठेवली, आणि चकल्या तळताना मला बजावले, "आजी, तेलानं पेट घेतला तर पाणी नाही टाकायचं, झाकण ठेवायचं." संध्याकाळी लेकीने नोंदवहीत लिहिले: अग्निसुरक्षा, एक तास.

दिवस कसा जातो, हेही विचारतात. मोठ्यांना वाटते, की घरी सकाळी आठ ते तीन शाळाच भरते. तसे नसते. एका मुलाला शिकवायचे असले, की टेबलाशी बसून करायचा अभ्यास दोन-अडीच तासांत संपतो. हजेरी नाही, रांग नाही, पंचवीस जणांची वह्या काढण्याची वाट पाहणे नाही. बाकीचे तास वाचनात, बागेत, वाचनालयात आणि स्वयंपाकघरात जातात.

स्वयंपाकघर हा माझा वर्ग. चकलीची भाजणी करायची होती. तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक. मी म्हटले, "यंदा माणसं जास्त आहेत, दीडपट करू." त्याने बोटांवर हिशेब केला, सहा, तीन आणि "वन अँड अ हाफ". मी म्हटले, "मराठीत त्याला एकच शब्द आहे, दीड." मग सव्वा आले, अडीच आले, पाऊण आले. मापाच्या संचात अर्धा कप आहे, पाव कप आहे, पाऊण नाही. मग पाऊण करायचा कसा? अर्ध्यात पाव मिळवून. हे त्याचे त्यालाच सापडले, आणि त्याने ते फोन करून वडिलांना ऑफिसात सांगितले. आमच्या आधीच्या पिढ्या पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी पाठ करत. ती पाठांतरे गेली, पण ते शब्द अजून हाताशी आहेत. मराठी घरी अपूर्णांक शिकवायला निघालेल्या माणसाने ते वाया घालवू नयेत.

उलट, मराठी आकडे त्याला जड गेले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात वाद पेटला होता आणि मी विरोध करणाऱ्यांत होते. इथे नातू एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत अडखळताना पाहिल्यावर माझा सूर जरा खाली आला. "साठ यायचंय अजून, मग आधीच त्याचं नाव का घ्यायचं?" हा त्याचा प्रश्न गणिताच्या प्राध्यापिकेने आयुष्यात कधी स्वतःला विचारला नव्हता.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, की आजी-नातवाचे छान चालले आहे. आता जे सांगायला जड जाते ते सांगते.

पहिल्या हिवाळ्यात मी पाढे घ्यायला घेतले. रोज सकाळी नऊला, माझ्या खोलीत, बारापर्यंत. तो सातच्या पाढ्यावर अडकला. मी आवाज चढवला. म्हटले, "तुझी आई तुझ्या वयात तीसपर्यंत पाढे म्हणायची." हे खरेही नव्हते. चौथ्या दिवशी तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, माझं पोट दुखतंय."

ज्या दुखण्यापायी त्याला शाळेतून काढले, ते आता माझ्या खोलीत उभे होते. छत्तीस वर्षे मी अठरा-वीस वर्षांच्या मुलांना शिकवले. सहा वर्षांच्या मुलाला शिकवणे ही निराळी विद्या आहे आणि ती मला येत नव्हती. लेक रागावली नाही, पण म्हणाली, "आई, दोन आठवडे तू गणित घेऊ नकोस. फक्त गोष्टी सांग." आईच्या वयाच्या बाईला तिच्याच विषयातून रजा देणे सोपे नव्हते. मी दोन दिवस रुसले आणि मग गोष्टी सांगितल्या.

त्या गोष्टींत आनंदीबाई जोशींची होती. त्या फिलाडेल्फियात शिकल्या, १८८६ साली तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, आणि पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. या दोघींच्या शिक्षणाची सुरुवात घरातली. रमाबाईंना संस्कृत शिकवले त्यांच्या आईने, लक्ष्मीबाई डोंगऱ्यांनी. आनंदीबाईंना शिकवायला घेतले पती गोपाळरावांनी, आणि ते शिकवणे प्रसंगी मारहाणीचे होते. नातवाला मी मारहाणीचे सांगितले नाही, पण मला ते रात्रभर आठवत राहिले. घरी शिकवले म्हणजे ते आपोआप मायेचे होते असे नाही. शाळेत एका शिक्षिकेशी पटले नाही, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या येतात. घरात मुलाला आई बदलून मिळत नाही, आजीही नाही.

आणि आईचे काय? लेक एका औषध कंपनीत काम करत होती. आता ती आठवड्याला दोन दिवस घरून काम करते, तेही संध्याकाळी जावई आल्यावर. एक पगार जवळजवळ गेला, बढती गेली. हा मार्ग फुकटचा नाही, आणि त्याची किंमत बहुतेक घरांत बाईच्या खात्यावर पडते. निर्णय घेण्याआधी नवरा-बायकोने कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब मांडावा, असे मी स्पष्ट सांगेन. मागच्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी गाडी आली तरी ती आत येईना, म्हणून मी बाहेर गेले. स्टिअरिंगवर डोके टेकून रडत होती. म्हणाली, "आई, शाळेत त्याचं नुकसान झालं असतं तर म्हटलं असतं शाळेमुळे झालं. आता काही राहिलं तर ते माझ्या हातून राहिलं." मी गणिताची बाई. मला सिद्धता देता येते, दिलासा देता येत नाही. शेजारच्या सीटवर बसून राहिले. त्यानंतर आम्ही एक नियम केला. मंगळवारी दुपारनंतर मुलगा माझा, आणि लेकीने घराबाहेर जायचे, कुठेही.

"पण मित्रांचं काय?" हा प्रश्न योग्यच आहे. मित्र आपोआप मिळत नाहीत, मिळवून द्यावे लागतात. गुरुवारी घरी शिकवणारी पाच-सहा कुटुंबे वाचनालयाच्या खोलीत जमतात. तो पोहायला जातो. आणि रविवारी आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत जातो. तिथे पहिले दोन महिने तो माझा पदर धरून बसे. आता मला बाहेर थांबायला सांगतो. त्याच्या मराठी शाळेच्या ताईंनी त्याला बोलण्याची घाई केली नाही, याचे ऋण या अंकातून मान्य करते.

या अंकाची इंग्रजी पाने आधी उघडणाऱ्या, इथेच वाढलेल्या तरुण आईबाबांना दोन शब्द. डब्यातल्या भाजीच्या वासावरून तुम्हाला वर्गात कुणी हसले असेल, नावाचा उच्चार रोज चुकला असेल. आपल्या लेकराला ते सोसायला लागू नये असे वाटणे मी समजू शकते. पण तुमचे जिवाभावाचे मित्रही त्याच वर्गात भेटले, हेही आठवून पाहा. शाळेवरच्या रागातून मुलाला घरी आणू नका, आणि लोक काय म्हणतील म्हणून त्याला आजारी पडेपर्यंत शाळेत ठेवूही नका. माझी धाकटी नात याच वर्षी किंडरगार्टनमध्ये गेली. पिवळी बस दिसली, की ती आम्हाला टाटा करायलाही विसरते. एकाच घरात दोन मुले, दोन वाटा, आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

यंदा जूनमध्ये दुसरीच्या मूल्यमापनाला परीक्षक बाई आल्या. त्या निवृत्त शिक्षिका. नोंदवही चाळली, वह्या पाहिल्या, मग त्याला विचारले, "या वर्षी तुला सर्वांत कठीण काय गेलं?" मी खोलीत नव्हते, पण दार उघडे होते. तो म्हणाला, "सातचा पाढा. पण आता येतो. आजीला पण आता शिकवता येतं."

त्यांनी दाखला दिला. तो त्याच्या नावाचा होता, पण निम्मा मी माझा धरला.

आता तो तिसरीत आहे. वसंतात प्रमाणित परीक्षा होईल. त्यानंतर चौथीला शाळेत जायचे का, हे त्यालाही विचारून ठरवू. परवा बहिणीच्या बसकडे बघत त्याने विचारले, "बसमध्ये खिडकीजवळ बसायला मिळतं का?" लेकीने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघी काही बोललो नाही. जायचे म्हणाला, तर आम्ही हरलो असे मुळीच नाही. ज्या मुलाचे बसच्या नावाने पोट दुखत होते, तो खिडकीची जागा विचारतो आहे.

तेव्हा ताई, गेल्या वर्षीच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे: सगळे ठीक नाही, पण पोट दुखत नाही. यंदा फराळाच्या रांगेत पुन्हा भेटू. भाजणी दीडपट केली आहे.