पडजिभेच्या वर आणि खाली

मळणीच्या दिवसांत खळ्यावरून घरी आल्यावर खाकरले, की मातकट कफ पडतो. आपण म्हणतो, "धूळ बाधली." पण ही धूळ तर बाहेर पडली! ती अडवली कोणी, हे आज पाहू.

आरशासमोर 'आ' करा. मध्ये पडजीभ लोंबताना दिसेल. तिच्या वर, नाकाच्या मागे, घशाचा जो भाग आहे तो आरशात दिसत नाही. त्याला नासाग्रसनी म्हणतात. समोर दिसतो तो खालचा भाग म्हणजे मुखग्रसनी. घसा एकच, पण दोन्ही भागांचे अस्तर निराळे आहे.

वरच्या भागातून जाते ती हवा. तिथे बहुतेक ठिकाणी खांबासारख्या उंच पेशी दाटीने उभ्या असतात. त्यांच्या माथ्यावर डोळ्यांना न दिसणारी रोमके असतात. मधूनमधून पेल्याच्या आकाराच्या पेशी असून त्या चिकट श्लेष्मा पाझरतात. धूळ त्यात अडकते आणि रोमके सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून ती खाली ढकलतात. मग आपण ती थुंकतो किंवा गिळतो. चुलीच्या आणि विडीच्या धुराने हीच रोमके मंदावतात.

खालून मात भाकरीचा घास जावयाचा, गरम चहा जावयाचा. तिथे नाजूक रोमकांचा काय निभाव लागणार? म्हणून तिथे चपट्या पेशींचे थरावर थर असतात. वरचा थर झिजला, की खालून नव्या पेशी येतात. कातडीचेही असेच असते. पण तिचा वरचा थर कोरडा व कठीण, हा मात्र ओला आणि मऊ.

आता गुरुजींसाठी एक गोष्ट. नासाग्रसनीच्या छताशी ॲडेनॉइड नावाची गाठ असते. साधारण ३ ते ७ या वयात ती मोठी असते. ती फार वाढली, तर मूल तोंडाने श्वास घेते, रात्री घोरते. कानाकडे जाणाऱ्या नळीचे तोंडही तिथेच आहे. ते कोंडले, की कानाच्या पडद्यामागे पाणी साचते आणि ऐकू कमी येते. तेव्हा मागच्या बाकावर तोंड उघडे टाकून बसणाऱ्या, हाकेला 'ओ' न देणाऱ्या मुलाला 'मठ्ठ' म्हणण्यापूर्वी पुढे बसवा आणि त्याच्या आईवडिलांना सांगा, की एकदा डॉक्टरांकडून याचे नाक, कान आणि घसा तपासून घ्या. दोष बुद्धीचा नसेल. पडजिभेच्या वरचा असेल.